जे. आर. डी. टाटा : कराची ते मुंबई
जे. आर. डी. टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. तेव्हा लंडनचं टपाल कराचीपर्यंत विमानाने यायचं, पुढे रेल्वेने. आकाशात वाचलेला वेळ रुळांवर वाया जायचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी स्वतः एक इंजिनाच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं आणि सुमारे सात तासांत जुहूला उतरले. १९४८ साली त्यांच्या एअर इंडियाने मुंबई-लंडन सेवा सुरू केली. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आपल्या वडाळ्यातल्या मुलांना नकाशावर कराची, अहमदाबाद, जुहू शोधायला सांगा. अंतर तेच राहिलं, मग वेळ कशाने घटला, हे त्यांनाच विचारा.