विश्लेषण : नेपच्यून शोधणाऱ्याने युरोपला वादळाची वर्दी कशी दिली?

अलिबागजवळ ३ जून २०२० रोजी धडकलेल्या चक्रीवादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशने सुचवले होते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातील वादळांचे इशारे भारतीय हवामान विभाग शेजारी देशांनाही पुरवतो. देशादेशांनी हवामानाच्या ताज्या नोंदी एकमेकांना देण्याची ही पद्धत रुजवणाऱ्यांत एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ अग्रभागी होता. त्याचे नाव उर्बेन ल व्हेरिए. गंमत म्हणजे या गृहस्थाचे स्वतःच्या कचेरीत फारसे कुणाशीच पटत नसे.

कागदावर सापडलेला ग्रह…

ल व्हेरिए यांचा जन्म ११ मार्च १८११ रोजी नॉर्मंडीतील सँ-लो येथे झाला. पॅरिसमध्ये शिकून ते आधी रसायनशास्त्रात रमले, मग खगोलशास्त्राकडे वळले. युरेनस ठरलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, तेव्हा त्यापलीकडे आणखी एक ग्रह असणार, असे मांडून त्यांनी त्याची जागा गणिताने काढली. पॅरिसमध्ये शोध घ्यायला कुणी उत्सुक दिसेना, म्हणून त्यांनी बर्लिन वेधशाळेतील योहान गाले यांना पत्र लिहिले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी ते पोहोचले आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून दिसला. १८५४ मध्ये ल व्हेरिए पॅरिस वेधशाळेचे संचालक झाले.

एक वादळ, अडीचशे उत्तरे…

त्याच वर्षी क्रिमियात ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान रशियाशी लढत होते. १४ नोव्हेंबरला काळ्या समुद्रात प्रचंड वादळ झाले. सैन्याचे हिवाळी कपडे घेऊन आलेले ब्रिटिशांचे ‘प्रिन्स’ जहाज बालाक्लावाजवळ बुडाले, फ्रेंचांची ‘हेन्री चौथा’ ही युद्धनौका किनाऱ्यावर आदळून निकामी झाली. शेकडो खलाशी गेले आणि पुढचा हिवाळा सैनिकांना गारठ्यात काढावा लागला.

हे आधी कळले असते का, असा प्रश्न फ्रान्सचे युद्धमंत्री व्हेयाँ यांनी ल व्हेरिए यांना केला. त्यांनी देशोदेशींच्या निरीक्षकांना पत्रे धाडून १२ ते १६ नोव्हेंबरच्या नोंदी मागवल्या. सुमारे २५० उत्तरे आली. सहकारी इमान्युएल लिए यांनी त्या जुळवल्यावर दिसले, की वादळ काळ्या समुद्रात उपजलेलेच नव्हते. ते पश्चिमेकडून युरोप ओलांडत तिकडे गेले होते. तारेचा वेग वादळाहून कितीतरी जास्त, म्हणजे पुढच्या गावाला सावध करणे शक्य होते. (आरमार वाचलेच असते, हे मात्र सरसकट म्हणता येत नाही. क्रिमियापर्यंत तार पोहोचली ती एप्रिल १८५५ मध्ये.)

पश्चिमेने पूर्वेला का सांगावे?

ल व्हेरिए यांनी १६ फेब्रुवारी १८५५ रोजी तारायंत्राने जोडलेल्या हवामान केंद्रांची योजना सम्राट तिसऱ्या नेपोलियनपुढे ठेवली. दुसऱ्याच दिवशी मंजुरी मिळाली. १९ तारखेला त्यांनी विज्ञान अकादमीत त्याच दिवशी सकाळी दहा वाजताच्या हवामानाचा नकाशा मांडला. १८५६ पर्यंत २४ केंद्रे झाली, पण तारेने जोडलेली फक्त १३.

खरी अडचण देशाबाहेर होती. युरोपात वादळे बहुतेक पश्चिमेकडून येतात. त्यामुळे व्हिएन्नाला पॅरिसची नोंद हवी आणि पॅरिसला अटलांटिक किनाऱ्याची. पण पश्चिमेकडच्या देशाने वेळ नि पैसा खर्चून तार करायची आणि त्याचा लाभ शेजाऱ्याला! शिवाय नोंद त्याच दिवशी पोहोचायला हवी, नाहीतर ती इतिहासात जमा. ल व्हेरिए यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता : जमलेले सारे छापून सगळ्यांना परत द्यायचे. १८५७ च्या अखेरीपासून वेधशाळेचे आंतरराष्ट्रीय दैनिक पत्रक निघू लागले. त्यात ब्रसेल्स, माद्रिद, रोम आणि कालपर्यंत शत्रू असलेल्या रशियातील सेंट पीटर्सबर्गच्याही नोंदी येत. १८६५ मध्ये केंद्रे ५९ झाली होती.

प्रत्यक्ष इशाऱ्यांत मात्र इतर पुढे गेले. नेदरलँड्समध्ये बायस बॅलट यांनी १८६० मध्ये, तर ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये बंदरांना इशारे देणे सुरू केले. फ्रान्समध्ये ते १८६३ मध्ये जमले. फिट्झरॉय यांच्या निधनानंतर ब्रिटनने १८६६ मध्ये इशारे बंद केले. त्यावर किनाऱ्यावरून ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू करावे लागले.

स्वभाव आड आला…

परदेशी वेधशाळांशी जमवून घेणारे ल व्हेरिए हाताखालच्या माणसांशी अत्यंत कठोर वागत. वादळाचा माग काढणारे लिए भांडून ब्राझीलला गेले. अखेर वेधशाळेतल्यांनी बंड केले आणि १८७० मध्ये सरकारने संचालकांनाच काढले. त्यांच्या जागी आलेले शार्ल देलोने १८७२ मध्ये शेरबुर्गजवळ नाव उलटून बुडाले, तेव्हा १८७३ मध्ये ल व्हेरिए यांनाच परत बोलवावे लागले. या खेपेस त्यांच्या अधिकारावर एका समितीचा अंकुश होता.

त्याच वर्षी व्हिएन्नात पहिली आंतरराष्ट्रीय हवामान परिषद भरली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय हवामान संघटना उभी राहिली, जिची जागा १९५० मध्ये जागतिक हवामान संघटनेने घेतली. भारतीय हवामान विभाग १८७५ चा.

ल व्हेरिए २३ सप्टेंबर १८७७ रोजी पॅरिसमध्ये वारले. नेपच्यून दिसल्याला त्याच दिवशी ३१ वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी फ्रान्सने हवामानाचे काम वेधशाळेकडून काढून स्वतंत्र केंद्रीय कार्यालयाकडे सोपवले.