रुक्मिणीची नथ

दुबलगुंडीच्या आमच्या घरी बालगंधर्वांची रुक्मिणीच्या वेषातील तसबीर होती. प्राचीन शिल्पांत नथ दिसत नाही. मग रुक्मिणीला ती कोठली, असे मी आजीला विचारी. ती नुसती हसे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९१३ साली बोडस-टेंब्यांसह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ त ‘स्वयंवर’, १९२० त ‘द्रौपदी’ आले. पौराणिक नायिकांना त्यांनी मराठमोळे भरजरी शालू नेसविले. घरंदाज स्त्रियांनी त्यांचेच अनुकरण केले. मंडळी कर्जात बुडाली, ते ऋण त्यांनी शिरावर घेतले. पण वेषाचा थाट सोडला नाही. १९६७ त ते निवर्तले.

इतिहास म्हणून ती तसबीर खोटीच. तरी रुक्मिणी म्हटली, की मला आजही ती नथच दिसते.