फोटोतल्या बाबासाहेबांआधीचा भिवा

आम्ही दिघ्यात वाढलो ते गल्लीतल्या पोरांसोबत. मागे पारसिकचा डोंगर, पुढे ठाणे-बेलापूर रस्ता, मध्ये दाटीवाटीची घरे. जागा मिळेल तिथे गोट्या, लगोरी, क्रिकेट. घराघरांत बाबासाहेबांचा फोटो असे, कोट-टाय-चष्म्यातला. हे बाबासाहेबही कधी आमच्यासारखे हुंदडले असतील, हे तेव्हा आमच्या मनातही आले नाही. म्हणून आज त्या लहान भिवाविषयी.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी जन्मलेले हे चौदावे अपत्य. पुढे कुटुंब साताऱ्याला आले. तिथे आई गेली, तेव्हा भिवा जेमतेम पाच वर्षांचा. मीराआत्याने त्याला सांभाळले. पोर खोडकर, खेळात पुढे आणि भांडणातही पुढे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरवर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. आज हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या शाळेत त्याला बसायला घरून तरट न्यावे लागे. तहान लागली तर शिपाई नळ उघडेल तेव्हाच पाणी. न्हावी केसांना हात लावत नसे, बहीणच केस कापायची.

१९०१ च्या उन्हाळ्यात भिवा, त्याचा भाऊ आणि दोन भाचे वडिलांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. चांगले कपडे, सुट्टीचा आनंद. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. डबा सोबत होता, पण वाटेत कुणी घोटभर पाणी दिले नाही. चारही पोरे रात्रभर तहानलेली राहिली.

मुंबईच्या गिरणीत नोकरी करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे भिवाने पुढे ठरवले. भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरायचे त्याचे प्रयत्न रात्रीमागून रात्री चालले. अखेर पिशवी हाती आली, तर आत अर्धा आणा! त्या फजितीनंतर त्याने मन अभ्यासाकडे वळवले.

मुंबईला तो आला, पण कुटुंबासोबत. परळच्या डबक चाळीत एकच खोली. उशाशी जाते, पायाशी बकरी. रामजीबाबा त्याला लवकर झोपवत आणि रात्री दोनला चाळ शांत असताना अभ्यासाला उठवत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याच बुद्धाला बाबासाहेब लाखो लोकांसह शरण गेले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आमच्या गल्लीतली कितीतरी हुशार पोरे नववी-दहावीतच शाळेतून सुटून कंपनीत लागली. त्यांची बुद्धी कमी नव्हती. घरात अभ्यासाला कोपरा नव्हता आणि पहाटे उठवणारे कुणी नव्हते. धम्मबांधवांनो, जयंतीला डीजे लावण्याआधी वस्तीच्या विहारात रात्री दिवा लावा, चार बाकडी टाका. दिवसा पोरांना मनसोक्त खेळू द्या. भिवाही खेळलाच होता.

जय भीम!