कोरड्या विहिरीचे सुदैव : शेख रशीद बिन सईद

दुबई म्हटले की आज डोळ्यांसमोर उंच इमारती, सोन्याची दुकाने नि भले मोठे विमानतळ येते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी तिकडे नोकरीनिमित्त राहून आले असेल. हे सारे वैभव केवळ तेलाचे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु ज्यांनी ही दुबई घडविली त्या शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांचे चरित्र पाहिले, तर गोष्ट निराळीच आढळते. म्हणून त्यांची थोडक्यात ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

रशीद यांचा जन्म १९१२ सालचा. त्याच वर्षी त्यांचे वडील शेख सईद दुबईच्या गादीवर आले. मातोश्री हुस्सा बिन्त अल मुर्र या करारी बाण्याच्या व व्यापारात मुरलेल्या होत्या. तेव्हाची दुबई म्हणजे खाडीकाठचे एक लहानसे बंदर. पाणबुडे उन्हाळाभर समुद्रातून शिंपले काढीत आणि मोती विक्रीसाठी आपल्या मुंबईच्या बाजारात येत. व्यवहारात नाणेही हिंदुस्थानच्या रुपयाचेच.

१९२९ नंतर जगभर मंदी आली. त्यातच जपानने शिंपल्यांत मोती वाढविण्याची युक्ती साधून ते स्वस्तात बाजारात आणले. दुबईचा मोत्यांचा धंदा पार बसला. कितीतरी घरांत उपासमारीची वेळ आली. रशीद तेव्हा ऐन विशीत होते. गरिबीचे ते दिवस ते कधी विसरले नाहीत.

पुढे आशा उरली ती तेलाची. १९३७ मध्ये शेख सईद यांनी एका परदेशी कंपनीला तेल शोधण्याचा परवाना दिला. पन्नाशीच्या दशकात जबेल अली येथे विहीर खणली गेली. पण ती कोरडी निघाली. १९५८ मध्ये शेजारच्या अबूधाबीच्या समुद्रात मात्र तेल लागले. त्याच वर्षी वडील वारले आणि रशीद गादीवर बसले. शेजाऱ्याच्या घरी मेजवानी आणि आपली चूल थंड, अशी त्यांची अवस्था झाली.

पण ते हात जोडून बसले नाहीत. आपल्याजवळ काय आहे, याचा त्यांनी विचार केला. होती ती एक खाडी, तीही गाळाने भरत चाललेली. मोठी जहाजे दूर समुद्रात उभी राहत नि माल पडावांतून काठाला आणावा लागे. तिजोरी रिकामी असताना रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेतले, स्थानिक व्यापाऱ्यांकडूनही पैसा उभा केला आणि गाळ उपसून खाडी खोल केली. उपसलेल्या वाळूने काठची सखल जागा भरून निघाली व नवी जमीन मिळाली. शेजारच्या शारजाची खाडी गाळाने भरत गेली, आणि तिकडचा व्यापारही दुबईकडे वळला.

१९६६ मध्ये दुबईच्या समुद्रातही तेल लागले. त्या क्षेत्राला नाव मिळाले ‘फतेह’. आपल्या ‘फत्ते’ शब्दाचेच ते भावंड. १९६९ पासून तेल बाहेर जाऊ लागले. अबूधाबीच्या मानाने ते थोडेच होते. ते एक दिवस संपणार, हे रशीद जाणून होते. म्हणून पैसा त्यांनी धक्के, रस्ते नि गोद्या यांत घातला. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरातींचे राज्य स्थापन झाले, त्यात ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. १९७९ पासून पंतप्रधानही होते. १९७२ मध्ये त्यांच्या नावाचे बंदर खुले झाले.

एवढ्यावर न थांबता त्यांनी वाळवंटाच्या कडेला आणखी एक प्रचंड बंदर बांधायला काढले, तेव्हा त्याची गरज काय, असे अनेक जाणत्यांना वाटले. १९७९ मध्ये ते खुले झाले. आज मध्यपूर्वेतील सर्वांत मोठ्या बंदरांत त्याची गणना होते. त्याचे नाव जबेल अली! जेथे विहीर कोरडी निघाली, तेथेच.

७ ऑक्टोबर १९९० रोजी शेख रशीद वारले. त्यांचे वैभव उभारताना आपल्या कोकणातल्या नि केरळातल्या कितीतरी फिटर, गवंडी, सुतारांनी उन्हात घाम गाळला, हेही आम्हांस येथे नमूद करावेसे वाटते.

तेल वीस वर्षे आधीच लागले असते, तर खाडीच्या गाळाकडे एवढ्या निकडीने कोणी पाहिले असते काय? आम्हांस शंका वाटते. आपल्याही घरी एखादी विहीर कोरडी निघते, मुलाची नोकरी हुकते, धंदा बसतो. अशा वेळी अंगणात गाळाने भरलेली एखादी खाडी आहे का, हे एकदा जरूर पाहावे.