मर्सीबाई वॉरन

शाळेची पायरी न चढताही आपल्या देशाचा तीन खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या एका गृहिणीची ही हकीकत आहे.

मर्सी ओटिस हिचा जन्म १७२८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बार्नस्टेबल गावी झाला. तेव्हा तेथे इंग्रजांचे राज्य होते. भाऊ पाद्रीबुवांकडे शिकत, तेव्हा मर्सीही शेजारी बसून शिकली. १७५४ साली जेम्स वॉरन यांच्याशी तिचा विवाह झाला. पाच मुलगे वाढवीत तिने लेखणी हाती धरली.

त्या काळी जकातीचे अंमलदार चोरटा माल शोधण्याच्या निमित्ताने कोणाच्याही घरात शिरत. त्यांच्या हुकूमनाम्यात ना घराचे नाव, ना मालाचे. मर्सीबाईंचे थोरले बंधू जेम्स ओटिस यांनी १७६१ साली बोस्टनच्या न्यायालयात याविरुद्ध मोठे भाषण केले. पुढे १७६९ साली एका जकात अधिकाऱ्याशी झालेल्या मारामारीत त्यांच्या डोक्यास जबर दुखापत झाली आणि त्यांचे मन कायमचे बिघडले. भावाची ही अवस्था बहिणीने पाहिली.

पुढे देश स्वतंत्र झाला. १७८७ साली नवी राज्यघटना तयार झाली. पण नागरिकांच्या हक्कांची यादी तीत नव्हती. सरकार आता आपलेच, मग हक्क कशाला लिहायचे, असे पुष्कळांना वाटे. मर्सीबाईंना ते पटेना. सत्ता हाती आली की माणूस बदलतो, मग तो परका असो वा आपला, असे त्यांचे मत होते. १७८८ साली त्यांनी टोपणनावाने एक पुस्तिका काढली. छापण्याचे स्वातंत्र्य, ज्यूरीपुढे न्याय आणि मनमानी झडतीपासून घराचे रक्षण, हे सारे लेखी हवे असा तिचा आग्रह होता. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांचीही अशीच मागणी होती. अखेर १७९१ साली घटनेत दहा दुरुस्त्या झाल्या व हे हक्क तीत आले.

ती पुस्तिका मात्र शंभराहून अधिक वर्षे एका पुरुषाच्या नावावर राहिली. मर्सीबाई १८१४ साली वारल्या. त्या हक्कांचा लाभ गुलामांना नव्हता. आणि मतदानाचा हक्क स्त्रियांना देशभर मिळाला तो १९२० साली.

आपण घरच्या माणसाशी देणेघेणे करतानाही चिठ्ठी लिहून ठेवतो. त्यात अविश्वास नसतो. उद्या वाद होऊ नये एवढाच हेतू असतो. मर्सीबाईंनी आपल्याच सरकारकडे अशी चिठ्ठी मागितली, एवढेच.