एरिक लिडेल यांची धांव

आम्ही खेड्यांतील मंडळ्यांच्या भेटीस जातों, तेव्हां आईबाप पुष्कळदां विचारतात कीं, मुलगा खेळाच्या नादीं लागला तर त्याच्या विद्येचें काय होईल? ही काळजी निष्कारण नाहीं. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनीं मुलाची फी भरली, त्यांनीं ती करूं नये तर कोणीं करावी? तथापि मैदानावर इमानानें केलेले श्रम माणसास कोठवर नेतात, हें ज्यांच्या चरित्रावरून दिसून येतें, अशा एका गृहस्थांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

एरिक लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजीं चीन देशांतील तिएनत्सिन शहरीं झाला. आईबाप स्कॉटलंडचे, वडील लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. एरिक लहान असतांनाच त्यांस व त्यांचे थोरले बंधु रॉबर्ट यांस इंग्लंडांतील मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेंत ठेवण्यांत आलें, आणि आईबाप चीनमधील आपल्या कामावर परत गेले. वसतिगृहांत मूल ठेवून माघारी फिरतांना आईच्या जिवाचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. या शाळेंत दोघेहि भाऊ खेळांत पुढें आले.

पुढें एरिक एडिंबरो विद्यापीठांत विज्ञान शिकूं लागले. त्यांची धांवण्याची ढब मुळींच सुबक नव्हती. डोकें मागें टाकून व हात वाऱ्यावर झोडीत ते धांवत. परंतु टॉम मॅकर्चर नांवाच्या शिक्षकाच्या हाताखालीं त्यांनीं नेमानें सराव केला. रग्बी या चेंडूच्या खेळांतहि ते स्कॉटलंडच्या वतीनें सात सामने खेळले. पण धांवण्याकडे पुरतें लक्ष देतां यावें म्हणून तो आवडता खेळ त्यांनीं सोडून दिला. १९२३ च्या एप्रिलांत आर्माडेल या खाणकामगारांच्या गांवीं त्यांनीं प्रथमच लोकांपुढें उभें राहून आपल्या विश्वासाविषयीं सांगितलें. तेव्हांपासून अभ्यास, सराव आणि सुवार्ता हीं तिन्ही कामें बरोबरच चालूं लागलीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत स्टोक येथें ४४० यार्डांच्या शर्यतींत आरंभींच धक्का लागून ते पडले. इतर धांवणारे बरेच पुढें निघून गेले होते. तरी ते उठले, धांवले आणि पहिले आले.

१९२४ सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक सामने भरले. १०० मीटरांची धांव हा त्यांचा हातखंडा; पण तिच्या पहिल्या फेऱ्या रविवारीं होत्या. प्रभूच्या दिवशीं धांवावयाचें नाहीं, असें त्यांनीं कळविलें. त्यांच्या जीवनावर १९८१ सालीं निघालेल्या चित्रपटांत ही गोष्ट त्यांस जहाजावर चढतांना कळते असें दाखविलें आहे. वस्तुतः ती त्यांस कित्येक महिने अगोदर ठाऊक होती. या महिन्यांत त्यांनीं ४०० मीटरांच्या लांब धांवेसाठीं शरीर तयार केलें. नकार देणें हें एका क्षणाचें काम. त्या नकारामागून आलेले श्रम हे अनेक महिन्यांचे. त्या रविवारीं पॅरिसमधील स्कॉटिश देवळांत ते उपदेश करीत होते. पुढें २०० मीटरांत ते तिसरे आले, आणि ११ जुलै रोजीं ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धांवून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें व ऑलिंपिकांतील नवा उच्चांक स्थापिला.

अवघ्या सहा दिवसांनीं, १७ जुलै रोजीं, एडिंबरो येथें त्यांस विज्ञानाची पदवी मिळाली. सोबत्यांनीं त्यांस खांद्यांवर घेऊन मिरविलें. आमच्या मतें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, पदक आणि पदवी यांपैकीं एकासाठीं दुसरें त्यांनीं टाकलें नाहीं.

अशा माणसास मायदेशीं मान व पैसा मिळविणें कठीण नव्हतें. त्यांनीं एक वर्ष ईश्वरविद्येचा अभ्यास केला आणि १९२५ सालीं ते तिएनत्सिनला गेले. तेथील कॉलेजांत विज्ञान शिकवावें आणि मुलांस खेळ शिकवावे, हें त्यांचें काम झालें. १९३२ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३७ च्या अखेरीस शहर सोडून ते सिआओचांग या खेड्यांत गेले. तेथें रॉबर्ट हे डॉक्टर होते. युद्ध पेटलें होतें. सायकलीवर व पायीं ते गांवोगांव मंडळ्यांस भेटत. एकदां तर दोन जखमी माणसांस गाडींत घालून त्यांनीं दवाखान्यांत पोंचविलें.

१९४१ सालीं त्यांनीं पत्नी व मुलींस कॅनडास धाडिलें. तेथें जन्मलेली धाकटी कन्या त्यांच्या दृष्टीस कधींच पडली नाहीं. १९४३ सालीं जपानी सैन्यानें त्यांस इतर परदेशीयांबरोबर वेइशिएन येथील छावणींत ठेविलें. आईबापांपासून ताटातूट झालेलीं पुष्कळ मुलें तेथें होतीं. लिडेल त्यांस विज्ञान शिकवीत, त्यांचे खेळ चालवीत. रविवारीं मात्र ते खेळ घेत नसत. पुढें मुलें रविवारीं आपसांतच खेळूं लागलीं आणि त्यांच्यांत मारामारी झाली. तेव्हां पुढल्या रविवारीं लिडेल स्वतः पंच होऊन मैदानांत उभे राहिले! स्वतःच्या पदकासाठीं जो दिवस त्यांनीं दिला नव्हता, तो परक्यांच्या लेंकरांसाठीं दिला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूंतील गांठीच्या विकारानें, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, छावणींतच त्यांचा अंत झाला. सुटकेस तेव्हां सहा महिने अवकाश होता.

प्रिय वाचकहो, लिडेल यांच्यासारखें पदक आपल्यापैकीं फार थोड्यांच्या मुलांस मिळेल. पण पडल्यावर उठावें, नेम मोडूं नये, हातीं घेतलेलें काम शेवटास न्यावें, हे धडे कोणत्याहि गांवच्या मैदानावर मिळतात, आणि तेच पुस्तकापुढें बसतांना उपयोगी पडतात. म्हणून मुलगा खेळतो, एवढ्यानेंच चिंता करूं नये. तो खेळांत जितका झटतो तितकाच अभ्यासांत झटतो कीं नाहीं, हें पाहावें. आणि त्याहूनहि अगत्यानें त्यास विचारावें कीं, बाळा, हें कमावलेलें बळ तूं पुढें कोणासाठीं खर्चिणार आहेस?