गोऱ्यांची कात्री आणि ऑस्कर मिशो यांचा कॅमेरा

एखाद्या चित्रपटात आपल्या समाजाची किंवा आपल्या महापुरुषांची बदनामी झाली की आपण रस्त्यावर उतरतो. निवेदने देतो, निदर्शने करतो, चित्रपटावर बंदी घाला अशी मागणी करतो. त्यामागचा संताप खरा असतो आणि तो असायलाच हवा. ज्यांची शतकानुशतके टिंगल झाली त्यांनी आणखी किती सोसायचे? परंतु बंदीची कात्री आपण ज्यांच्या हाती देतो, ते पुढे ती कोणावर चालवतात, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो करायला लावणारे एक आयुष्य अमेरिकेत होऊन गेले. ऑस्कर मिशो हे त्यांचे नाव. गुलामगिरीत जन्मलेल्या बापाच्या या मुलाने १९१९ ते १९४८ या काळात चाळीसहून अधिक चित्रपट काढले आणि जन्मभर सेन्सॉरशी झुंज दिली. जुन्या चित्रपटांचे शौकीन चॅप्लिनचे नाव घेतात, ग्रिफिथचे घेतात. मिशो यांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मिशो यांचा जन्म २ जानेवारी १८८४ रोजी इलिनॉय राज्यातील मेट्रोपोलिस या गावाजवळ झाला. घरात भावंडांचे मोठे खटले आणि शेती तुटपुंजी. सतरा वर्षांचे असताना ते शिकागोला आले. तेथे मिळेल ते काम केले, लोकांचे बूट पॉलिश केले. पुढे रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत गोऱ्या प्रवाशांची सेवा करणाऱ्या पोर्टरची नोकरी त्यांना लागली. या नोकरीत त्यांनी देश पाहिला आणि पैसाही गाठीला बांधला. १९०५ च्या सुमारास त्यांनी साउथ डकोटात जमीन घेतली. ही जमीन मूळच्या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून काढून वसाहतीसाठी खुली केलेली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. एका पीडिताला मिळालेली संधी दुसऱ्या पीडिताच्या जमिनीवर उभी होती.

जवळपास सगळ्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या त्या मुलखात मिशो यांनी माळरान नांगरले. पुढे दुष्काळ पडला, लग्न मोडले, जमीन हातची गेली. तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. १९१३ साली त्यांची पहिली कादंबरी आली. ती त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापली आणि दारोदार फिरून विकली. १९१७ साली ‘द होमस्टेडर’ ही कादंबरी आली. लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्याच कंपनीने तिच्यावर चित्रपट काढण्याची तयारी दाखवली. मिशो यांची अट एकच होती, दिग्दर्शन मी करणार. कंपनीने ती मान्य केली नाही. तेव्हा या गृहस्थाने स्वतःची कंपनी काढली, आपल्या ओळखीच्या शेतकऱ्यांना समभाग विकले आणि १९१९ च्या फेब्रुवारीत शिकागोत चित्रपट दाखवला. कृष्णवर्णीय माणसाने काढलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. चित्रपटाचे कोणतेही शिक्षण नाही, हाताशी स्टुडिओ नाही, बँकेचे कर्ज नाही. होती ती फक्त जिद्द.

या जिद्दीला पार्श्वभूमी होती चार वर्षांपूर्वीच्या एका घटनेची. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट आला. तांत्रिकदृष्ट्या तो अव्वल होता, पण विचाराने विषारी. त्यात कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रियांवर टपलेला पशू आणि कू क्लक्स क्लान ही खुनी टोळी म्हणजे देशाची तारणहार! राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या काळात तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. विझत आलेली क्लान त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांच्या विद्यार्थिदशेतली अमेरिका ही अशी होती.

कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने त्या चित्रपटाविरुद्ध मोठे आंदोलन केले. कुठे बंदी मागितली, कुठे दृश्ये कापण्याची मागणी केली. ओहायो आणि कॅन्सससारख्या राज्यांत बंदी आलीही. परंतु इतरत्र चित्रपट धो धो चालला आणि निर्मात्यांनी अमाप पैसा कमावला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्युच्युअल फिल्म खटल्यात एकमताने निर्णय दिला की, चित्रपट हा निव्वळ धंदा आहे आणि वृत्तपत्राला असलेले स्वातंत्र्य त्याला लागू होत नाही. मी वकिलीच्या अभ्यासात हा निकाल वाचला तेव्हा तो एक कोरडा मुद्दा वाटला होता. मिशो यांचे आयुष्य वाचल्यावर कळले की त्या कोरड्या मुद्द्याने एका माणसाचा कसा छळ केला. पेनसिल्वेनिया, ओहायो, कॅन्सस, मेरीलँड आणि पुढे न्यूयॉर्क, व्हर्जिनिया अशी राज्याराज्यांची मंडळे, त्याखेरीज शिकागोसारख्या शहरांची वेगळी. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळे शुल्क, वेगळी कात्री.

२७ जुलै १९१९ रोजी शिकागोच्या सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला. पाण्यात कुठलीही भिंत नव्हती, रेषा होती ती माणसांच्या डोक्यात. त्याच्यावर दगडफेक झाली आणि तो बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांतील २३ कृष्णवर्णीय होती. चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांना या घटनेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

दंगलीची राख निवलेली नसताना मिशो यांनी ‘विदिन अवर गेट्स’ हा चित्रपट सेन्सॉरपुढे ठेवला. नायिका सिल्व्हिया लँड्री ही शिकलेली तरुणी. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी निधी जमवायला ती बोस्टनला जाते. चित्रपटाच्या उत्तरार्धात तिचा भूतकाळ उलगडतो. तिचा पालक पिता जास्पर हा गोऱ्या जमीनदाराची शेती बटाईने कसणारा. लिहिता-वाचता येणारी सिल्व्हिया घरचा हिशेब मांडते आणि तो घेऊन बाप जमीनदाराकडे जातो. त्याच वेळी खिडकीतून गोळी सुटते, जमीनदार मरतो. गोळी झाडणारा गोरा असतो, पण आळ येतो जास्परवर. गोऱ्यांची झुंड लँड्री पतिपत्नीला फासावर लटकावते आणि जाळते. चुगली करणारा जमीनदाराचा कृष्णवर्णीय नोकरही त्याच झुंडीच्या हातून मरतो. मालकाची मर्जी सांभाळून आपण वाचू, असे समजणाऱ्यांना मिशो यांनी असा धडा दिला आहे. दुसरीकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर बलात्कार करू पाहतो आणि तिच्या अंगावरील व्रण पाहून ओळखतो की ही आपलीच मुलगी आहे. ‘बर्थ ऑफ अ नेशन’ने बलात्काराचा आळ कोणावर घेतला होता? मिशो यांनी त्या खोट्या आरोपाला पडद्यावरच उत्तर दिले.

सेन्सॉर मंडळाने आधी परवानगी नाकारली. पुन्हा दंगल होईल असे कारण पुढे आले. शहरात दोन तट पडले आणि त्यांत कृष्णवर्णीय धर्मोपदेशकही विरोधाच्या बाजूला होते. अखेर जानेवारी १९२० मध्ये काही भाग कापून चित्रपट दाखवला गेला. दक्षिणेत त्याला दारे बंद होती. झुंडीने माणसे जाळली तेव्हा शांततेचा भंग झाला नाही, ते पडद्यावर दाखवले तेव्हा मात्र भंग होणार होता! सत्ताधाऱ्यांची शांतता ही अशी असते. ती अत्याचाराने ढळत नाही, अत्याचाराच्या साक्षीने ढळते.

पुढची वर्षेही अशीच गेली. १९२५ साली ‘बॉडी अँड सोल’ आला. थोर गायक आणि लढवय्या पॉल रॉबसन यांचा हा पहिला चित्रपट. भोळ्या भाविकांना लुबाडणारा धर्मोपदेशक त्यांनी त्यात रंगवला. न्यूयॉर्कच्या मंडळाने परवाना नाकारला आणि मिशो यांना चित्रपट पुन्हा कापून-जोडून द्यावा लागला. व्हर्जिनियात तर वर्णसंकराविरुद्धचा कायदा १९२४ साली आला होता. गोऱ्या तरुणाचे गोरी भासणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीवर प्रेम बसते, या कथेच्या ‘द हाउस बिहाइंड द सीडार्स’वर तेथील मंडळाने आक्षेप घेतला. मिशो यांनी लेखी उत्तर पाठवले. कृष्णवर्णीयांना दंगलीला प्रवृत्त करणारा चित्रपट आजवर एकच झाला आणि तो म्हणजे ‘बर्थ ऑफ अ नेशन’, असा त्याचा आशय होता. उत्तर बिनतोड होते. पण कात्री मंडळाच्या हाती होती. कापाकापी करावीच लागली.

मिशो यांनीही शरणागती पत्करली नाही. चित्रपटाचे डबे मोटारीत घालून ते गावोगाव हिंडत. थिएटरमालकांना पुढच्या चित्रपटाच्या तसबिरी दाखवून आगाऊ पैसे घेत आणि त्या पैशातून तो चित्रपट काढत. एका गावी कापलेला भाग दुसऱ्या गावी पुन्हा जोडत. दक्षिणेत काही गोऱ्यांच्या थिएटरांत मध्यरात्री कृष्णवर्णीयांसाठी वेगळे खेळ होत, तेथे लोक या चित्रपटांना गर्दी करीत. १९२८ साली त्यांचे दिवाळे निघाले, तरी १९३१ साली ‘द एक्झाइल’ हा बोलपट घेऊन ते पुन्हा उभे राहिले.

मिशो यांना देवत्व देण्याचे कारण नाही. त्यांच्या चित्रपटांतील सज्जन नायक-नायिका बहुधा उजळ कांतीच्या असत. १९३८ साली ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’मधील वर्णभेदाविरुद्ध हार्लेममध्ये त्यांच्याच लोकांनी निदर्शने केली आणि चित्रपट उतरवावा लागला. ती टीका रास्त होती. शोषिताच्या मनातही शोषकाचे मोजमाप घर करून बसते. पोटजातींच्या उतरंडीतून आलेल्या आपल्याला हे ठाऊक आहे.

१९४८ चा त्यांचा शेवटचा चित्रपट साफ पडला. २५ मार्च १९५१ रोजी कामानिमित्त प्रवासात असताना शार्लट शहरात त्यांचे निधन झाले. कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे त्यांना पुरले. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपला १९१५ चा निकाल फिरवला आणि चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती तो माणूस वर्षभर आधीच गेला होता. त्यांच्या वीसहून अधिक मूकपटांपैकी आज तीनच हाती आहेत. ‘विदिन अवर गेट्स’ची प्रत सापडली ती स्पेनमधल्या माद्रिदच्या चित्रपट-संग्रहालयात, स्पॅनिश पाट्यांसह. त्या पाट्या पुन्हा इंग्रजीत आणून १९९३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो चित्रपट उभा केला. आपल्याच देशात कापला गेलेला पुरावा परदेशात टिकला.

आता आपल्याकडे येऊ. योगायोग असा की १९५२ सालीच आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि चित्रपट दाखवण्याआधी तपासण्याची पद्धत कायम राहिली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. १९८९ साली आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाला याच न्यायालयाने संरक्षण दिले. निदर्शनांच्या धमकीपुढे शासनाने झुकू नये, हे त्या निकालाचे तत्त्व. आरक्षणाचा समर्थक म्हणून तो चित्रपट मला रुचणारा नाही. तरीही ते तत्त्व आपल्याच कामाचे आहे, हे २०२५ साली दिसले. महात्मा जोतीराव फुले यांच्या जीवनावरील ‘फुले’ या हिंदी चित्रपटावर ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर मंडळाने महार, मांग, पेशवाई असे उल्लेख बदलायला लावले आणि ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणारा चित्रपट दोन आठवडे लांबला. ज्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, त्यांच्याच चित्रपटाला मिशो यांच्या वाट्याची कात्री लागली!

द्वेष पसरवून हिंसा घडवणाऱ्याला शिक्षा व्हावी, त्यासाठी कायदा आहे आणि तो आपण वापरलाच पाहिजे. परंतु दाखवण्याआधी कापण्याचा अधिकार मागताना त्या मंडळावर कोण बसले आहे, हे पाहावे. बदनामीला खरे उत्तर आपल्या हातातल्या कॅमेऱ्याने द्यावे लागते. शिकलेल्या सिल्व्हियाने मांडलेला हिशेब जमीनदाराला नको होता, म्हणूनच तो मांडणे गरजेचे होते. आपल्या तरुणांनी आपल्या वस्तीची, आपल्या लढ्यांची, अत्याचारांची आणि विजयांची चित्रे घ्यावीत, ती गावोगाव दाखवावीत आणि त्यांच्या प्रती चार ठिकाणी जपून ठेवाव्यात. मिशो यांचे बहुतेक मूकपट प्रती न जपल्यामुळे कायमचे गेले. आपली साक्ष तशी जाऊ देता कामा नये.